‘शॅडो अँड बोन’ आवडलं नाही, मग त्याच लेखिकेला दुसरा चान्स द्यायचा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हंजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. लेक नववीत. तिनं हट्टानं ली बार्डुगोचं ‘शॅडो अँड बोन’ तुमच्या हातात दिलं, तुम्ही बँकेतनं आल्यावर रोज थोडं थोडं करत संपवलं आणि आवडलं नाही. तक्रारी चार. नायिका अलीना सारखं ‘मी साधी, मी कुणी नाही’ करत बसते, तिचा लहानपणचा मित्र माल आणि तो ताकदवान डार्कलिंग यांच्यातलं ते इकडं की तिकडं कंटाळवाणं झालं, डार्कलिंग कसा निघणार ते आधीच कळलं होतं, आणि ते रावका नावाचं राज्य रशियासारखं वाटतं पण रोजचं जगणं काही दिसत नाही. आता लेक म्हणते, "आई ते सोड, ‘सिक्स ऑफ क्रोज’ वाच, हीच बाई आहे असं वाटणारच नाही." आणि तुम्ही विचारताय की परत साडेचारशेच्या वर पानं घालवायची का, आणि ‘शॅडो अँड बोन’चे मधले दोन भाग न वाचता कळेल का.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बरीच वर्षं वाचनालय चालवते, शनिवारी आठवी ते बारावीची पोरं बसून वाचलेल्यावर वाद घालतात, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं नवीन नाही, फक्त बहुतेक वेळा पोरं विचारतात, आई विचारतेय हे पहिल्यांदा बघतेय. उत्तर हो असंच आहे, द्या चान्स. पण कशासाठी द्यायचा आणि कुठल्या पुस्तकाला द्यायचा हे जरा नीट बघूया, कारण लोक ‘दुसरा चान्स’ म्हणत जे करतात ते बहुतेक वेळा उलटंच असतं. म्हंजे काय तर पहिला भाग आवडला नाही म्हणून दुसरा भाग घेतात. या मालिकेत तर हमखास सांगतात की दुसऱ्या भागात निकोलाय येतो, तो लई भारी आहे, त्याच्यासाठी वाच. निकोलाय भारी आहे हे खरंच आहे, बोलतो झकास. पण सांगणारी तीच अलीना, तिच्याच डोक्यातनं सगळं बघायचं, तुमची पहिली तक्रार जिथल्या तिथं. एका पात्रासाठी आठशे पानं काढणं पंधराव्या वर्षी जमतं, मार्च एंडिंगला बँकेत असणाऱ्या बाईला नाही.

माझी पद्धत अशी की पुस्तक आवडलं नाही तर तक्रारी काढायच्या आणि प्रत्येकीला विचारायचं, ही त्या पुस्तकाच्या बांधणीची आहे का लिहिणाऱ्याच्या हाताची? बांधणी पुढच्या पुस्तकात बदलू शकते, हात सहसा बदलत नाही. कोण सांगतंय, किती जण सांगतायत, गोष्ट युद्धाची आहे का चोरीची, प्रेमाचा त्रिकोण आहे का नाही, ही झाली बांधणी. वाक्य कसं टाकतो, माणसं एकमेकांशी कशी बोलतात, धक्के कुठं देतो, प्रकरण कसं संपवतो, हा हात. तक्रारी बांधणीच्या असतील तर दुसरं पुस्तक वाचावं, हाताच्या असतील तर लेखकाला नमस्कार करून दुसरीकडं वळावं, त्यात कुणाचा अपमान नाही.

आता तुमच्या तक्रारी.

पहिली, अलीनाचं रडगाणं. ही शंभर टक्के बांधणीची. ‘शॅडो अँड बोन’ आलं २०१२ मध्ये, बार्डुगोची ती पहिलीच कादंबरी. त्याआधीची काही वर्षं आठवा, ‘ट्वायलाइट’ २००५ चं, ‘हंगर गेम्स’ २००८ चं, दोन्हींत मुलगी ‘मी’ म्हणून सांगते, दोन्हींत दोन मुलं. ती इतकी खपली की नंतर त्या वयाच्या शेल्फवर जिथं बघावं तिथं ‘मी’ म्हणणारी मुलगी, तीन भाग आणि दोन मुलं. बार्डुगोचं पहिलं पुस्तक बरोबर त्याच साच्यातलं आहे. आणि ‘मी’ म्हणून सांगणारं पात्र स्वतःला कमी लेखणारं असलं की वाचणाऱ्याला सुटकाच नसते, दुसऱ्या कुणाच्या नजरेतनं ती कशी दिसते हे कळायची सोय नाही. लेकीला मात्र ते चाललं आणि ते बरोबरच आहे. नववीतल्या मुलीला वर्गात, आरशात, नातेवाईकांच्या लग्नात हेच वाटत असतं, तिला अलीना खरी वाटते. तुम्ही त्यातनं कधीच बाहेर पडलाय म्हणून तुम्हाला तिला हलवून ‘अगं बास की’ म्हणावंसं वाटतं. यात पुस्तक वाईट आणि तुम्ही हुशार असंही नाही बरं का, ते तुमच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. किशोरांची पुस्तकं मोठ्यांनी वाचताना हा हिशोब आधी करावा लागतो, तो न करता पोरांसमोर ‘हे काय वाचतेस’ म्हणणारे पालक मी रोज बघते आणि मग तेच विचारतात पोरं वाचत का नाहीत.

‘सिक्स ऑफ क्रोज’ २०१५ चं. तिथं ‘मी’ नाहीच. सहा जणांची टोळी, प्रत्येक प्रकरणाच्या वर ज्याच्या बाजूनं ते सांगितलंय त्याचं नाव. टोळीचा म्होरक्या काझ स्वतःला जसा समजतो तसा इनेझला दिसत नाही, आणि इनेझला जो दिसतो तो जेस्परला दिसत नाही. त्यामुळं कुणाचंही स्वतःबद्दलचं दुःख वीस पानांच्या वर पसरतच नाही, लगेच दुसऱ्याची पाळी येते. दुखणी आहेत, चांगली जबर आहेत, पण ती तुकड्यातुकड्यांनी कळतात आणि तोवर काम चालूच असतं, कारण गोष्ट चोरीची आहे. बर्फातल्या एका किल्ल्यातनं एका कैद्याला बाहेर काढायचं, बक्षीस तीन कोटी क्रूगे, आजवर तिथं कुणी घुसलेलं नाही. रडायला टाइमच नाही कुणाला.

दुसरी तक्रार प्रेमाची. जोड्या आहेत, सहा जणांत तीन म्हणा ना, पण त्रिकोण नाही. काझ आणि इनेझचं जे आहे ते तर मला या सगळ्या प्रकारात वाचलेल्यांतलं सगळ्यात संयमानं लिहिलेलं वाटतं, कारण काझला लहानपणी जे सोसावं लागलं त्यामुळं दुसऱ्याच्या अंगाचा स्पर्शच सहन होत नाही, हातमोजे काढत नाही तो. हातमोजा काढणं हीच तिथं केवढी मोठी घटना होते. तो काठी घेऊन लंगडत चालतो, आणि ती काठी नुसती स्टाइल मारायला दिलेली नाही, बार्डुगोला स्वतःला हाडांचा आजार आहे आणि तिलाही कधीकधी काठी घ्यावी लागते, हे तिनं स्वतः सांगितलंय. ते वाचताना कळतं. दुखरा पाय घेऊन जिना चढणारा माणूस पायऱ्या कशा मोजतो ते बाहेरनं बघून लिहिता येत नाही.

चौथी आधी घेते, जग दिसत नाही ही. ‘शॅडो अँड बोन’मध्ये अलीनाला सैन्यातल्या नकाशे काढणाऱ्यांच्या तंबूतनं उचलून थेट महालात नेतात, मग देश दिसणार कसा, तुमची तक्रार रास्त आहे. ‘क्रोज’ घडतं केटरडॅममध्ये, ते जुन्या ॲमस्टरडॅमवर बेतलेलं, व्यापाऱ्यांचं शहर. तिथं सगळं पैशावर. करार, व्याज, गोदी, जुगाराचे अड्डे, शेअरमधली फसवणूक, देवसुद्धा व्यापाराचा. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला तर यातले डाव पोरांपेक्षा जास्त कळतील, विशेषतः ‘क्रोज’च्या दुसऱ्या भागात, ‘क्रुकेड किंगडम’मध्ये. टोळ्यांची भांडणं आमच्या शनिवारच्या पोरांना कधी समजावून सांगावी लागली नाहीत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठापेठांत जी इर्षा पेटते तीच ही, फक्त फुटबॉलच्या जागी धंदा आणि चाकू.

आता तिसरी, धक्का आधीच कळला ही. इथं मी तुम्हाला खोटं आश्वासन देणार नाही कारण हा हात आहे. बार्डुगोला वाचणाऱ्याला चकवायला मनापासून आवडतं. ‘शॅडो अँड बोन’मध्ये तो चकवा एकच, मोठा, आणि तुमच्यासारख्या मुरलेल्या वाचकाला दिसणारा. ‘क्रोज’मध्ये ती वेगळं करते, टोळीनं काय ठरवलंय ते वाचणाऱ्यापासून लपवते, सगळं फसलं असं दाखवते आणि मग कळतं की काझनं हे आधीच धरलं होतं. पहिल्यांदा टाळी पडते. दुसऱ्यांदा पण पडते. ‘क्रुकेड किंगडम’च्या मध्यावर येईपर्यंत तुम्ही म्हणायला लागता, ठीक आहे, फसलंय म्हंजे फसलेलं नसणार. मला स्वतःला तिथं जरा थकायला झालं, पोरं मात्र शेवटपर्यंत फसतात आणि खूश असतात. तसंच प्रकरणाच्या शेवटी वहीत उतरवून घ्यावं असं चटकदार वाक्य टाकायची तिची खोड, ती ‘क्रोज’मध्ये कमी नाही, उलट वाढलीय. आणि सतरा वर्षांचा काझ पस्तिशीतल्या दादासारखा वागतो, बोलतो, धंदा चालवतो, ही तक्रार बरेच मोठे वाचक करतात आणि त्यांचं बरोबर आहे. मी वाचताना मनातल्या मनात सगळ्यांच्या वयात दहा मिळवते, काही अडत नाही.

म्हंजे चारातल्या तीन तक्रारी बांधणीच्या, एक हाताची. एवढ्यावर चान्स द्यायला हरकत नाही.

बरेच जण असं सांगतील की बाई २०१२ ते २०१५ मध्ये लिहायला शिकली, म्हणून दुसरं बरं झालं. असेल थोडं, पण मला ते पूर्ण पटत नाही, कारण ‘द विच ऑफ डुव्हा’ ही तिची कथा २०१२ चीच, म्हंजे ‘शॅडो अँड बोन’च्याच वर्षातली. भुकेल्या गावातनं मुली गायब होतात, सावत्र आई, जंगल, जंगलात म्हातारी, आपल्याला वाटतं आपल्याला ही गोष्ट माहितीये, आणि शेवटी कळतं आपण चुकीच्या माणसाला घाबरत होतो. छोटी, काळी, एकही शब्द फालतू नाही. ज्या हातानं ती लिहिली त्याच हातानं त्याच सुमाराला अलीना लिहिली. म्हणून मी म्हणते साचा आडवा आला, हात तयारच होता. ही कथा पुढं ‘द लँग्वेज ऑफ थॉर्न्स’ या २०१७ च्या संग्रहात आली, त्यात सहाच कथा आहेत, पानांच्या कडेनं चित्रं हळूहळू वाढत जातात, दिसायलाही देखणं पुस्तक. तुम्हाला साडेचारशे पानांची धास्ती वाटत असेल तर माझा खरा सल्ला हाच, आधी यातली एक कथा वाचा. मालिकेतलं काहीही माहीत असायची गरज नाही. एका बैठकीत कळेल तुमचं आणि या बाईचं जमतंय का. नाही जमलं तर ‘क्रोज’ पण नाही जमणार, लेकीला सांगा प्रयत्न केला म्हणून. लेखकाची परीक्षा घ्यायला छोटी कथा हे सगळ्यात स्वस्त साधन आहे आणि ते कुणीच वापरत नाही, सगळे आपले जाडजूड ठोकळे एकमेकांच्या गळ्यात मारतात.

बाकी लेखकांचंही हेच आहे पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. टेरी प्रॅचेटचं डिस्कवर्ल्ड १९८३ च्या पहिल्या पुस्तकापासून सुरू केलं तर बरेच जण गळतात, कारण ते त्या काळच्या फँटसीची टिंगल आहे आणि ती फँटसी आपण वाचलेलीच नसते, त्यापेक्षा २००३ चं ‘द वी फ्री मेन’ घ्या, नऊ वर्षांची धनगराच्या घरातली पोरगी आणि हातात तवा. ते सहावीतल्या पोरालाही चालतं.

उर्सुला ले ग्विनची गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे, आणि ती खास तुमच्यासाठी. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ चं. त्यात जादूची विद्या पुरुषांची, शाळा मुलांची, आणि बायकांची जादू म्हंजे हलकी, कमअस्सल असं त्या जगातली माणसं बोलूनच दाखवतात. तिसरा भाग १९७२ ला आला आणि मालिका संपली असंच सगळ्यांना वाटलं. मग अठरा वर्षांनी, १९९० ला, तिनं ‘तेहानू’ लिहिलं आणि स्वतःच्याच जगाला उलटा प्रश्न विचारला. नायिका टेनार, मध्यम वयाची विधवा बाई, शेळ्या आणि शेत सांभाळणारी, तिच्या पदरात भाजलेली एक लहान पोर येते, आणि आधीच्या भागांतला महान जादूगार सगळी शक्ती गमावून परत आलेला, त्याला आता भांडी घासण्यापासून सगळं शिकायचंय. जुने वाचक वैतागले काही, ड्रॅगन कुठंयत म्हणून. आमच्याकडच्या अकरावीतल्या एका पोरानं ते चाळीस पानांवर परत आणून दिलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या आईनं नेलं ते महिनाभर आलंच नाही. म्हंजे इथं बांधणी आणि हात याच्याशिवाय तिसरी गोष्ट, वाचणाऱ्याचं वय. तुम्हाला अलीना नको झाली तिथं ‘तेहानू’ची टेनार हवीशी वाटायची शक्यता दाट आहे. फक्त तिचं मागचं कळायला दुसरा भाग, ‘द टुम्ब्स ऑफ अटुआन’, आधी वाचा, लहानसाच आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

मधले दोन भाग न वाचता ‘क्रोज’ कळतं. गोष्ट त्या युद्धानंतरची, देश वेगळा, माणसं वेगळी. अलीनाच्या कथेत शेवटी काय झालं याचे एकदोन उल्लेख येतात, तेवढा रसभंग तुम्हाला चालायला हरकत नाही, तुम्हाला तसंही ते वाचायचं नाहीये. नेटफ्लिक्सवरची सिरीज बघून ठरवू नका. तिथं २०२१ ला त्यांनी दोन्ही गोष्टी एकात एक मिसळल्या, पुस्तकात अलीना आणि काझ असे कधी आमनेसामने येत नाहीत, आणि दोन सीझननंतर ती बंदच पडली, किल्ल्याची चोरी दाखवायची राहूनच गेली.

सुरुवातीला एक खड्डा आहे तो सांगून ठेवते. ‘क्रोज’चं पहिलं प्रकरण जूस्ट नावाच्या एका पहारेकऱ्याचं आहे, त्याला लक्षात ठेवायची काही गरज नाही, तो फक्त एक भयानक औषध काय करतं ते दाखवायला आलाय. नंतर इनेझचं प्रकरण सुरू होतं आणि तिथं अचानक दहा नावं, टोळ्या, रस्ते, शिव्या असं सगळं अंगावर येतं. सगळं समजून घेत बसू नका, वाहू द्या. साधारण शंभर पानांपर्यंत टोळी जमते, तिथवर गेल्यावर पण नाही वाटलं तर खुशाल बंद करा. इंग्रजी ‘शॅडो अँड बोन’पेक्षा जड आहे हे खरं, आमच्याकडची मराठी माध्यमातली पोरं पहिल्यांदा अडखळतात, मी त्यांना दोघा-दोघांत मिळून वाचायला सांगते. लेकीची कॉपी घ्या, नाहीतर वाचनालयातनं काढा, पण फूटपाथवरची पायरेटेड घेऊ नका, छपाई बारीक आणि किल्ल्याचा नकाशा काळाकुट्ट, आणि या पुस्तकात नकाशा सारखा उलटून बघावा लागतो.

आई म्हणून तुम्हाला माहीत असावं असं एक. इनेझला लहानपणी पळवून कुंटणखान्यात विकलेलं असतं. ते चवीचवीनं लिहिलेलं नाही, पण झाकलेलंही नाही, ती त्यातनं बाहेर कशी येते हा तिच्या कथेचा कणाच आहे. मारामारी पण रक्तरंजित आहे, एका प्रसंगी डोळा काढतात. नववीतल्या मुलीनं वाचू नये असं मी म्हणणार नाही, तिनं वाचलंयच, उलट तुम्ही वाचलंत तर त्यावर दोघींना बोलता येईल, हे एरवी जेवताना काढायचे विषय नव्हेत. मात्र याच लेखिकेचं ‘नाइन्थ हाउस’ हे २०१९ चं पुस्तक मोठ्यांसाठीचं आहे, त्यात लैंगिक अत्याचार आणि बरंच काही सरळ दाखवलंय, नाव तेच म्हणून दुकानात एकाच शेल्फवर ठेवलेलं मी बघितलंय. ते लेकीच्या हातात दोनचार वर्षांनी आलेलं बरं. तुम्ही वाचा हवं तर, तुमच्या वयाला बार्डुगोचं तेच जास्त लागू पडेल असंही होऊ शकतं. अशी सरमिसळ इतर लेखिकांचीही होते, सारा जे. मास यांची २०१५ ला सुरू झालेली परीकथेसारखी मालिका आधी किशोरांच्या शेल्फवर होती, २०२० ला नवीन मुखपृष्ठं घालून मोठ्यांच्या शेल्फवर नेली, आत मजकूर तोच. मुखपृष्ठ बघून वय ठरवू नका एवढंच.

आणि वाचायला घेतलंत तर ‘क्रुकेड किंगडम’ (२०१६) आधीच आणून ठेवा. ‘क्रोज’ चोरी पूर्ण करतं पण गोष्ट अर्ध्यात सोडतं, शेवटच्या काही पानांत असं काही होतं की रात्री अकरा वाजता तुम्ही लेकीच्या खोलीचं दार वाजवून पुढचा भाग मागणार. दोनात संपतं सगळं, तिसरा भाग नाही. त्यानंतरचं ‘किंग ऑफ स्कार्स’ (२०१९) मात्र दोन्हीकडचे धागे घेतं, निकोलाय पण आहे आणि ‘क्रोज’मधली नीना पण, त्यासाठी अलीनाच्या तिन्ही भागांत काय झालं ते माहीत लागतं. ते वाचत बसू नका, लेकीकडनं तोंडी ऐका, अर्ध्या तासात होतं सांगून.